तेरोची जागा

मागचं बाक आम्ही कालच काढलं.
चार बोल्ट, त्यातला तिसरा गंजलेला,
त्याला रात्रभर डिझेल पाजावं लागलं.
बाबा म्हणाले, फळी ठोक, फट ठेवू नकोस,
तिचं नख अडकतं.
दिवसभरात एवढंच बोलले.

फळीवर रबर, रबरावर मेंढीचं कातडं,
लोकर वरच्या अंगाला.
ती मेंढीही बहुधा तेरोनंच
कधीतरी टेकडीवरून वळवून आणली असेल.

तेरो म्हणजे इकडची टिटवी.
पिल्लू असताना रात्री तशीच ओरडायची.
आता तेरा वर्षांची, मागचे पाय धरलेले.
उठायच्या आधी विचार करते.

मालकानं मेंढ्या विकल्या. घोडा शेजाऱ्यानं नेला.
गावात माझ्या घराला अंगण आहे,
आठ पावलांचं.

जनावरांच्या डॉक्टर, इर्मा कुरिन्यांको,
रेडिओवरून बजावून सांगत होत्या, सगळं खोरं ऐकत असताना:
गळ्याला बांधू नका. छातीला पट्टा,
पट्ट्याला दोर, दोर गाडीच्या लोखंडाला.
आखूड इतका की पुढे फेकली जाऊ नये,
लांब इतका की कूस बदलता यावी.
पहाटे खाऊ घालू नका. पाणी दर थांब्याला.
खिडकी चार बोटं उघडी, मागचं दार घट्ट,
नाहीतर धूळ मागूनच आत शिरते.

मध्येच कुणीतरी विचारलं,
आणि आन्सेल्मोला बसायला काय घातलंय?
नुसती खरखर आली थोडा वेळ.

बाबा म्हणाले,
हिला जन्मात दोर लावला नाही मी.
आणि पट्टा मांडीवर घेऊन बसून राहिले
चूल विझेपर्यंत.

एकशे ऐंशी किलोमीटर. दीडशे तरी नुसती खडी,
ट्रकांनी पन्हाळी पत्र्यासारखी करून ठेवलेली.
मी टायरांतली हवा उतरवली,
काटा चाळीसवर धरला.
वारा दारं ढकलत होता. कुंपणापलीकडे ग्वानाको
माना वर करून बघत होते,
आणि माझ्या आरशात रस्ता नव्हताच,
तेरोचे कान होते.

पहिल्या तासात दोनदा ओकली, पिवळं पाणी.
बाबांनी मफलरनं पुसलं.
याच गाडीत, शाळेला जाताना, मी ओकायचे
तेव्हा मला बादली मिळायची.
तो विषय मी काढला नाही.

मग म्हणाले, थांबव.
उतरले, मागे चढले,
कातड्यावर तिच्या शेजारी, गुडघे दुमडून,
एक हात छताच्या कडीला, एक तिच्या बरगड्यांवर.
बाबा, तिथे पट्टा नाही.
हिला आहे ना, म्हणाले.
मी काटा तीसवर आणला.

नदी गढूळ होती, वर कुठेतरी बर्फ सुटलेलं.
खोली बघायला बाबा काठी घेऊन उतरले.
एरवी हे काम तिचं. ती पुढे शिरायची,
पाणी तिच्या पोटाला लागतं की पाठीला
यावरून घोडा कुठून घालायचा ते ठरायचं.
आज ती वर, लोकरीत, दोराला;
ते खाली, मांडीएवढ्या गारठ्यात,
डावीकडे सरकत चाललेले.
जरा जास्तच डावीकडे.
तिकडे डोह आहे. मला माहीत आहे.
त्यांनीच दाखवला होता.

मी हॉर्नकडे हात नेला,
त्याआधी तेरो भुंकली. एकदाच, आखूड,
कळपातून फुटलेल्या मेंढीवर भुंकावं तशी.
बाबा थांबले.
पुन्हा भुंकली.
ते उजवीकडे वळले, आणि मान खाली घालून
पाण्यातून सरळ
गाडीपर्यंत आले.

पुढे बसा, हीटर लावते, मी म्हणाले.
ते मागेच चढले, विजारीतून पाणी गळत.
पट्ट्याची कडी ओढून पाहिली,
मग दोर, मग पुन्हा कडी.
चल, म्हणाले,
उजव्या अंगानं घे. गुडघाभरच आहे.